कपाटाचा सूर

आरेन : ...म्हणून म्हणतो, लोरेटा, आज सुरुवातीचा सूर तुम्ही नाही दिलात तर बरं होईल. तो आपण रेकॉर्डिंगमधूनच देऊ.

लोरेटा : थांब. वाद्यवृंदाला सूर ओबो देतो, माझ्या हातातलं हे फुंकवाद्य. तुझ्या आईनं तुला बालवाडीत घातलं, त्याच्याही आधीपासून या स्टुडिओत तो मी देते आहे. सगळी व्हायोलिनं माझ्याकडे कान लावून बसतात. आणि आज कुणाकडे बसायचं? तुझ्या त्या कपाटाकडे?

आरेन : सिंथेसायझर आहे तो.

लोरेटा : फोटो पाहिलाय मी. लाकडाचा आहे, माणसाएवढा उंच आहे आणि उघडला की आत नुसता वायरींचा गुंता. माझ्या सासूबाईंकडे अगदी असंच कपाट होतं.

आरेन : चूक माझी आहे, कबूल. यंत्र जुनं आहे, तापलं की त्याचा सूर चढतो. ग्लेनडेलला माझ्या गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी नेमका एसी बंद पडला होता. दुपारभर ते तापत गेलं, सूर चढत गेला, आणि माझा कानही त्याच्यासोबत चढला. मला पत्ताच नाही.

लोरेटा : मग पुन्हा वाजवायचं.

आरेन : वाजवलं. गॅरेटनं पहिल्या सुरालाच हात वर केला. म्हणाला, चित्रपटातल्या अंतराळ-जहाजातला जीवच गेला. दिग्दर्शक माणूस, वर्षभर तेच रेकॉर्डिंग मागे लावून चित्रपट जोडत बसलाय. आता त्याच्या प्रेमात पडलाय. मी संगणकावर सूर थोडा खाली ओढून पाहिला, तेही त्यानं ओळखलं.

लोरेटा : म्हणजे बहिरा नाही तो.

आरेन : सोयीनुसार असतो. पण सकाळचं तुम्हीही ऐकलंत. यंत्र वर, तुम्ही सगळे खाली. तो म्हणतो, वाद्यवृंद सुरू झाला की आपण अंतराळातून थेट कुणाच्या तरी लग्नात उतरतो.

लोरेटा : असभ्य आहे. पण खोटं नाही.

आरेन : जेवणाच्या सुट्टीच्या आत जुळलं नाही, तर शेवटच्या प्रसंगाला नुसतं यंत्र ठेवणार आहे तो. वाद्यवृंद पूर्ण बाहेर. लोरेटा, या चित्रपटाचं संगीत मी त्या एका प्रसंगासाठी घेतलं. जहाज बंद पडतंय, आत ती बाई एकटी बसली आहे, यंत्राचा सूर विरत जातो आणि त्याच्याच पोटातून तुमचा ओबो निघतो. तेवढं गेलं तर माझ्याजवळ नुसती घरघर उरते.

लोरेटा : रडू नकोस, ओबोत फुंकायच्या माझ्या पत्त्या भिजतील. आणि नीट ऐक. भर स्टुडिओत मी कपाटापुढे मान तुकवणार नाही. पण हेडफोनमध्ये मी काय ऐकते, ते कुणाला दिसतं?

आरेन : म्हणजे?

लोरेटा : ठेक्याची टिकटिक आम्ही सगळेच एका कानात ऐकतो. माझ्या एकटीच्या कानात तुझं कपाट सोड. मी त्याचा सूर उचलते आणि माझा म्हणून देते. बाकीच्यांना वाटेल, म्हातारी आज जोरात आहे.

आरेन : ओबो तेवढा चढेल?

लोरेटा : मग हा चाकू काय लोणी लावायला बाळगते? वेळूची ही पत्ती टोकाशी केसभर छाटली की चढते. सुरेख जमली होती बिचारी. तिचं पाप तुझ्या माथी. आणि त्या पियानोवाल्याला डोनट खायला पाठव. त्याचा पियानो काही आता चढायचा नाही.

गॅरेट : आरेन! मी इथे काचेमागे म्हातारा होतोय. बाईंशी काय गुलुगुलु चाललंय?

आरेन : थोडी जुळवाजुळव, गॅरेट. एकदा ऐक.

गॅरेट : एकदाच ऐकणार आहे.

लोरेटा : चला, मंडळी, सूर घ्या... काय बघतोस, मिल्टन? चढा वाटतो? पहिलं व्हायोलिन तुझं असेल, सूर माझा आहे. ताण तारा.

(वादन होते. संपल्यावर काचेमागचा माइक सुरू होतो.)

गॅरेट : आरेन... शेवटी ते यंत्र मध्येच थांबतं, श्वास घेतल्यासारखं, आणि पुन्हा सुरू होतं. ते कसं काय केलंस?

आरेन : ते... एक मिनिट हं, गॅरेट. लोरेटा, माझा माइक बंद केलाय. तो काय म्हणतोय?

लोरेटा : तो श्वास माझा होता. छाटलेल्या पत्तीला दम जास्त लागतो, मध्येच घ्यावा लागला. तू गप्प राहा.

गॅरेट : फक्त तिथे ओबो जरा पुढे पुढे करतोय. त्याला मागे ने, यंत्र वर येऊ दे.

आरेन : अहो लोरेटा, तिथे यंत्र नाहीच! ते केव्हाच विरलंय, उरलाय तो नुसता ओबो. आता कुणाला मागे नेऊ?

लोरेटा : त्याच्यासमोरच्या टेबलावर ते तांबडं बटण आहे ना? दिग्दर्शकांसाठी मुद्दाम ठेवलेलं, कशालाच न जोडलेलं?

आरेन : तुम्हाला ते ठाऊक आहे?

लोरेटा : राजा, इथे एक दिग्दर्शक सोडले तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आरेन : गॅरेट, तुझ्या उजव्या हाताला तांबडं बटण आहे बघ. तूच फिरव. तुझ्या कानाला पटेल तेवढं.

गॅरेट : मी? बरं, लावा पुन्हा... अजून थोडं... अजून... हां! बस, इथेच. ऐकलंस? ओबो हटला आणि यंत्रात कसा जीव आला!

आरेन : तुझा कान, गॅरेट. दुसरं काय.

गॅरेट : वाद्यवृंद राहू दे. पूर्ण. याला आता कुणी हात लावायचा नाही. चला, जेवून घ्या.

आरेन : गेला. लोरेटा, मला हसू आवरत नाही आणि लाजही वाटते. लोक थिएटरात रडतील आणि म्हणतील, काय यंत्र आहे!

लोरेटा : म्हणू देत. मिल्टनला कळलं नाही, एवढं मला पुष्कळ आहे.

आरेन : तरी पण...

लोरेटा : आणि एक सांगू? कानात एकटं ऐकलं ना, तेव्हा वाटलं, वाईट नाही ते कपाट. दमलं म्हणून चढतंय. मीही दमले की चढतेच. उद्या आणखी वाजवायचं आहे ना त्याला? मग गॅरेजमधून इकडे घेऊन ये. माझ्या शेजारी ठेव.

आरेन : तुमच्या शेजारी?

लोरेटा : आणि मी यायच्या आधी चालू करून ठेव. आमच्या वयाला ऊब धरायला वेळ लागतो.

आरेन : आणि सूर कोण देणार?

लोरेटा : हे काय विचारणं झालं? मीच देणार. पण आधी त्याचा ऐकून घेईन.