सीटवरची लव

मंडळी, डाग वाईट की डाग काढणारा वाईट? सांगा! नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! — नाही ना येत? मग ऐका.

इचलकरंजीत सुरेंद्र मगदूम नावाचा गृहस्थ. वडील आप्पा, चाळीस वर्षं मागावर कापड विणलं, पोराला शिकवलं. पोरानं मोटार घेतली. आत सीटा कसल्या? तर नकली स्वेडच्या! म्हणजे कातडं नाही, मखमल नाही, पण तोरा दोघांचा! बोट फिरवलं की रेघ उठते. शोरूमवाला सांगून दमला, "साहेब, ओलसर फडकं, मऊ ब्रश. घासायचं नाही!" ऐकतो कोण? तुम्ही तरी ऐकता? तासभर कंठशोष करतोय मी, आणि मागच्या रांगेत बघा — घोरतायत!

एकदा आप्पांना डॉक्टरकडं नेलं. गुडघ्याला तेल चोळलेलं. गुडघ्याचं धोतराला, धोतराचं सीटला — उतरले तर हा एवढा डाग! सुरेंद्र भर रस्त्यात कडाडला, "आप्पा, अक्कल आहे का? मोटार आहे ही, बैलगाडी नव्हे!"

आप्पा पुढच्या खेपेपासून डॉक्टरकडं रिक्षानं जाऊ लागले.

आणि आमचे शहाणे? घेतली भांड्याची घासणी, घेतलं साबणाचं पाणी, लागले खसाखसा! डाग पसरला. मग वर कातड्याचं पॉलिश फासलं! अहो, कुणी सांगितलं होतं? सीट झाली खरूज झालेल्या म्हशीसारखी! करणी स्वतःची, आणि शिव्या कुणाला? — आप्पांना!

तीन रविवार हा तमाशा. ओट्यावर बसलेल्या आप्पांना शेवटी बघवेना. विणकराचा जीव तो! लंगडत आले. "थांब. घासू नगंस. कापडाची लव हाय ती. लवंच्या बाजूनं हात फिरवायचा असतोय."

डागावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली, तासभर ठेवली, झटकली. फडकं घट्ट पिळून, साबणाच्या नुसत्या फेसानं हळूहळू टिपलं. वाळल्यावर नातीचा केसांचा मऊ ब्रश एकाच बाजूनं फिरवला. डाग गेला!

"आणि ही टक्कल पडलेली जागा?" सुरेंद्रनं विचारलं.

"ती घासणीची. ती न्हाई भरून यायची."

मंडळी, शब्द बघा! कापडाची ती लव. आणि ताठ मानेच्या माणसाला काय सांगायचं? तेच — लव! वाक जरा!

सुरेंद्र वरमला. दुसऱ्या दिवशी रिक्षा परत पाठवली, मोटारीचं पुढचं दार उघडलं. "आप्पा, बसा. मी सोडतो."

आप्पा आले. खांद्यावरचा पंचा काढला, सीटवर अंथरला, चारी कोपरे नीट ओढले — आणि मग बसले. म्हणाले, "आता डाग न्हाई पडायचा, बाबा. चल."

सुरेंद्रला चावी फिरवता येईना. डोळ्यांपुढं काही दिसतच नव्हतं.

आता बोला! का गप्प बसलात? तेलाचा डाग एका दुपारात निघाला. जिभेच्या घासणीचं काय करायचं? घरी गेलात की बघा — तुमच्याकडं कोण पंचा अंथरून बसतंय! टाळ्या मला नकोत. आधी त्या माणसापुढं लवा, त्याला स्वतःच्या हातानं तो पंचा उचलू द्या — आणि मग खुशाल म्हणा, हरी!