मुकादमाची संध्याकाळ

धाकटी : हे बघ, इथं. छातीवरच्या उघड्या कातडीच्या अगदी कडेला. सुईच्या टोकाएवढं, पांढरट काहीतरी वर आलंय ना? नवं पीस आहे ते. अजून वेष्टनात गुंडाळलेलं आहे, म्हणून काटा उगवल्यासारखं दिसतं.

ताई : मला तर सोललेली कोंबडी दिसतेय.

धाकटी : चष्मा लाव.

ताई : चष्मा सुई ओवायला असतो. पोपट बघायला कशाला हवा? थांब, लावते... हं. दिसलं. एकच आहे?

धाकटी : एक नक्की आहे. शेजारी दुसरं असावं, पण तो धुळीचा कणही असू शकतो. उद्या कळेल.

ताई : उद्या माझ्या दुकानात कळेल. चल, आवर. मशीनवाला खाली गाडी लावून बसलाय. माझी मशीनं दुरुस्त करायला यायचाच होता, म्हटलं, वाटेत बहिणीकडून पोपटाचा पिंजरा उचलू. आणि ही घे. त्याच्या पिंजऱ्याला खोळ शिवलीय. आतून अस्तर लावलंय.

धाकटी : पोपटाच्या खोळीला अस्तर?

ताई : वाटेत वारा लागेल त्याला. आधीच छाती उघडी घेऊन बसलाय.

मुकादम : कोण आलंय? कोण आलंय?

ताई : तुझी मावशी आलीय, मुकादमसाहेब. आता तुमची बदली. दिवसभर गिऱ्हाइकं येतील, जातील, मापं होतील. ओरडा हवं तेवढं. अगं, तुझं तोंड का असं झालंय?

धाकटी : कसं?

ताई : इस्त्री करपल्यासारखं. तूच फोनवर म्हणाली होतीस ना, मी सकाळी प्रयोगशाळेत जाते ती दिवे लागल्यावर येते, तो दिवसभर एकटा, पिसं उपटून घेतो, माझ्याच्यानं होत नाही. मी म्हटलं, मला दे. तू काय म्हणालीस?

धाकटी : बघू म्हणाले.

ताई : हो ना. मग मी खिडकीपाशी हूक ठोकून घेतला.

धाकटी : ताई, तुझ्या दुकानात टाचण्या असतात. दोरे असतात. पायाला दोरा गुंडाळला गेला तर पोपटाचं बोट सुजतं.

ताई : त्याच दुकानात मी तुला वाढवली. आई गेली तेव्हा एवढीशी होतीस, मशीनखाली झोपायचीस. गिळलीस कधी टाचणी?

धाकटी : बटण गिळलं होतं.

ताई : ते मिळालं परत. कोटाचं होतं. धुऊन लावून टाकलं.

धाकटी : लावलंस? गिऱ्हाइकाच्या कोटाला?

ताई : चार बटणांचा सेट होता. तसं पाचवं कुठून आणणार? तो माणूस अजून ठणठणीत आहे. विषय बदलू नकोस.

धाकटी : विषय बदलत नाहीये. मला फक्त तुला काहीतरी दाखवायचंय. चहा ठेवू का आधी?

ताई : मशीनवाला...

धाकटी : त्यालाही वर बोलाव.

ताई : नको, तो रेडिओ लावून बसलाय, सुखात आहे. बोल तू.

धाकटी : तुला माहीत आहे, त्यानं उपटायला सुरुवात केल्यापासून मी काय काय केलं. दाणे बदलले. दिवा बदलला. अंघोळीला कोमट पाणी दिलं. अंगावर किडे आहेत का, ते पाहिलं. त्याची विष्ठा आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली.

ताई : शी! लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांशेजारी?

धाकटी : काच वेगळी होती. नंतर टेबलही पुसलं. सांगायचं ते असं की, कशातच काही सापडलं नाही. मग उरलं एकटेपण. तुझंही तेच म्हणणं होतं. म्हणून जुना फोन त्या फडताळावर ठेवला, चित्रण चालू करून. निघताना चालू करायचे, आल्यावर बंद.

ताई : आणि? दिवसभर रडत बसला असेल बिचारा.

धाकटी : दिवसभर मजेत असतो. खातो. झोपतो. समोरच्या केस कापायच्या दुकानात कोण बसलंय, ते मान वाकडी करून बघतो. बाटलीचं झाकण खाली टाकतो आणि मग वाकून त्याच्याकडे बघत राहतो. एक पीस उपटत नाही.

ताई : मग छाती काय मी येऊन सोलली?

धाकटी : तेच मला उमजेना. मी रोज सबंध दिवस तपासायचे. कधी सकाळ जास्त वाईट, कधी दुपार, असं काही दिसतंय का, म्हणून. फोन नीट लागला नसेल, म्हणून जागा बदलली. एकदा अर्धी रजा टाकून लवकर आले. तर त्या दिवशी त्यानं जास्तच उपटली.

ताई : तू लवकर आलीस म्हणून?

धाकटी : माझ्या डोक्यातच आलं नाही तसं. चित्रण मी घरी आल्यावर बंद करत होते, ताई. मी स्वतः घरात आहे, तर बघायचं काय राहिलं, असं मला वाटायचं. एके दिवशी बंद करायचं राहून गेलं. हे घे. बघ.

(धाकटी जुना फोन ताईच्या हातात देते. दोघी खिडकीशी उभ्या राहून बघतात.)

ताई : हां, ही तू आलीस. चपला काढल्यास. "आले रे बाबा." कसा नाचतोय बघ दांडीवर! या टोकाहून त्या टोकाला. आता तू हात धुतलेस, चहा घेतलास... टेबलाशी बसलीस. केवढी गं पाठ वाकवतेस. हे कागद कसले?

धाकटी : रिपोर्ट. दिवसभराचे. पुन्हा एकदा नजर टाकायला घरी आणायचे.

ताई : तो हाक मारतोय तुला.

धाकटी : हो.

ताई : "थांब, झालंच." मान वर न करता. परत हाक मारली त्यानं. परत "थांब, झालंच." चहावर साय धरली असेल आता. अगं, एकदा तरी बघ त्याच्याकडे!

धाकटी : ते होऊन गेलंय, ताई.

ताई : तेही खरंच. मला आपलं ओरडावंसं वाटलं. हे काय? आता तर तू बोललीच नाहीस. तोंड मिटलेलं आहे तुझं. कोण म्हणालं "थांब, झालंच"?

धाकटी : तो.

ताई : तुझ्या आवाजात?

धाकटी : माझ्या आवाजात. स्वतःलाच सांगतोय. आता पुढे बघ.

ताई : मान खाली घातली त्यानं. आणि... अगं बाई. बंद कर. बंद कर ते.

धाकटी : रोज त्याच वेळेला. मी खोलीत असताना. माझ्या पाठीमागे.

ताई : आण तो चहा.

धाकटी : घे. साखर कमी पडली असेल तर सांग.

ताई : एक विचारू? मला पण तू हेच म्हणतेस, ठाऊक आहे ना?

धाकटी : काय?

ताई : दुकान बंद केलं की मी फोन करते. "थांब, झालंच" म्हणतेस आणि फोन टेबलावर ठेवून देतेस. मी आपली तुझ्या पेनाची टकटक ऐकत बसते. मग एकदम "हां, बोल" म्हणतेस, तोवर मला काय सांगायचं होतं, ते विसरलेलं असतं. मला उपटायला पिसं नाहीत म्हणून बरं.

धाकटी : ताई...

ताई : डोळे पुस. गंमत केली.

धाकटी : गंमत नव्हती ती.

ताई : निम्मी होती. बरं, मग आता? नोकरी सोडणार आहेस काय पोपटापायी?

धाकटी : छे. नोकरी आवडते मला. सकाळची कुलपं उघडली की यंत्रं एकेक करून जागी होतात, ते मला फार आवडतं. मी एवढंच केलं की साहेबांकडे गेले आणि म्हटलं, यापुढे रिपोर्ट घरी नेणं जमणार नाही. आदल्या रात्रीपासून पाठ करत होते हे वाक्य.

ताई : तापले?

धाकटी : त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पण न्यायला कुणी सांगितलं होतं? आम्हाला वाटायचं, तुम्हाला हौस आहे."

ताई : म्हणजे कुणी सांगितलंच नव्हतं!

धाकटी : कुणीच नाही. सुरुवातीला एका रिपोर्टात चूक राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी मीच पकडली. तेव्हापासून आणायला लागले. पुढे सवय पडली.

ताई : धन्य आहेस. पदरचं काम काढून पोपट सोलून घेतलास.

धाकटी : हसू नकोस गं.

ताई : हसू नको तर काय करू? आणि आता संध्याकाळी करतेस काय, कागद नाहीत तर?

धाकटी : आल्याबरोबर पिंजरा उघडते. तो खांद्यावर येतो. मी भाजी चिरते, तो देठ पळवतो. नंतर थोडा वेळ काहीच करत नाही.

ताई : काहीच?

धाकटी : खुर्चीत बसते. आधी जमतच नव्हतं, हात सारखे काहीतरी शोधायचे. आता जमतं. तो माझ्या बाहीची शिवण चाळवतो, मी बाहेर बघते. समोरचा दुकानदार पाट्या आत घेतो, दिवा मालवतो. बरं वाटतं, ताई. मला वाटलं होतं, त्याच्यासाठी करतेय मी हे.

ताई : म्हणून बाही उसवलीय होय. मी आल्यापासून बघतेय. सुई-दोरा कुठाय? हात पुढे कर.

धाकटी : अंगावरच शिवणार?

ताई : दोन टाक्यांचं काम. हलू नकोस. हा हॉर्न ऐकलास? रेडिओवरची गाणी संपली वाटतं त्याची.

धाकटी : थांबायला सांगू का त्याला?

ताई : थांबेल. मीही तुला एक सांगते, मान खाली आहे तोवर. आमची काजं करणारी गेली ना, लेकीकडे राहायला, तेव्हापासून समोरची खुर्ची रिकामी आहे. मशीन चालू आहे तोवर ठीक. पाय थांबला की दुकान एकदम गप्प होतं. हूक ठोकला तेव्हा बायकांनी विचारलं, हा कशाला? मी सांगून टाकलं, माझ्याकडे पोपट येणार आहे. एकीनं तर त्याच्यासाठी शेंगदाणेसुद्धा आणून ठेवलेत.

धाकटी : म्हणजे तुला तो तुझ्यासाठी हवाय.

ताई : त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी. यात चोरी आहे का?

धाकटी : नाही. चोरी असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

ताई : मग बोल अवघड.

धाकटी : तुला मी कधी कशाला...

ताई : हलू नकोस म्हटलं ना. हं, ठाऊक आहे. तू कधी नाही म्हटलेलं नाहीस. "बघू" म्हणायचीस आणि मी त्याचा "हो" धरून कापड बेतायची. शाळा मी ठरवली, कॉलेज मी ठरवलं, ते निळं जाकीट, जे तू एकदाही घातलं नाहीस...

धाकटी : काखेत टोचायचं.

ताई : तेव्हा बोलायचं की मग! अस्तर बदललं असतं. इतकी वर्षं मला वाटतंय, रंग आवडला नाही.

धाकटी : रंग छान होता.

ताई : झालं बघ. दात कुठायत तुझे? तोड दोरा. आणि आता ऐक. मी आज काही धरणार नाही. "बघू" नको, "विचार करते" नको. "मला तू वाढवलंस, शिकवलंस", तेही नको. पोपटाच्या बदल्यात शिकवलं नव्हतं तुला. दिलास तर खोळ घालते आणि निघते. नाही दिलास तर त्या हुकाला इस्त्रीची वायर टांगेन, शेंगदाणे मी खाईन. दोन्हीपैकी एक, तुझ्या तोंडून.

धाकटी : तसं पाहिलं तर अजून पुरावा पुरेसा नाही. एका पिसावरून...

ताई : पुरावा कोण मागतंय?

धाकटी : म्हणजे, महिनाभर थांबलो असतो तर...

ताई : अगं ए.

धाकटी : हो. सांगते.

ताई : माझ्याकडे बघून.

धाकटी : तो इथंच राहील, ताई. मी त्याला देणार नाही.