पंख्याचं बटण

—नाही रे, बिघडलेली नाहीये गाडी. टेम्पोत घालून आणली म्हणून तुला तसं वाटलं असेल, पण चांगली चालू आहे. मला चालवता येत नाही ना, म्हणून टेम्पो. आता काम काय, तर ही पुढे जाळी आहे बघ, रेडिएटर का काय ते, त्याच्यामागे छोटा पंखा असतो — तो हातानं लावता आला पाहिजे. एक बटण बसवून दे, बस. माहीत आहे मला, आपोआप लागतो, इंजिन तापलं की लागतो आणि थंड झालं की बंद होतो. पण मला तसा नको, आपल्याला हवा तेव्हा लागायला हवा. का म्हणजे? अरे, उज्जैनची भीड तुला मी काय सांगायची! श्रावणात महाकालाची सवारी निघाली की सगळे रस्ते जाम, गाडी जागच्या जागी तापत राहते, पाय भाजतात नुसते. माझ्या मुलाची मोटरसायकल आहे ही, परागची. त्याला त्रास होतो. म्हटलं, पंखा आधीच लावून ठेवता आला तर बरं. बसवतात की लोक, मोबाइलवर बघितलंय मी.

बोर्डावर ‘आल्हाद’ वाचलं तुझं नाव, म्हटलं चलो, हा आपल्यातलाच दिसतोय, मराठीत नीट सांगता तरी येईल. नाही, परागचा मेकॅनिक वेगळा आहे, फ्रीगंजात, चांगला आहे बिचारा — पण त्याच्याकडे नाही जायचं मला. तो कामच करत नाही धड, गाडीला हात लावला की डोळे पुसत बसतो — अं? काही नाही. त्याचं त्याला. तू खोल ना ती जाळी, किती वेळ लागेल? मला दिवेलागणीच्या आत घरी पोचायचंय.

हँडलवर? नाही नाही, हँडलवर नको बटण. वायर लांब लागेल मला. गाडी पोर्चमध्ये उभी असते, तिथून खिडकीतून आत — स्वयंपाकघरात. ओट्यापाशी बटण हवं, पोळ्या करता करता हात पोचेल असं. हसू नकोस. आणि किल्ली न लावता लागला पाहिजे, इंजिन बंद असताना. बॅटरी उतरेल? उतरू दे की, घरी चार्ज करता येते म्हणतात, मी करीन. आणि असा कितीसा वेळ लावायचाय मला — ते हात धुऊन पाटावर बसेपर्यंत.

ते म्हणजे आमचे हे. परागचे बाबा. रेल्वेत होते, गार्ड. आता — आता लक्षात राहत नाही त्यांच्या काही. माझं नाव कधी असतं, कधी नसतं. परवा मला म्हणाले, बाई, तुम्ही फार छान स्वयंपाक करता, तुमचं गाव कुठलं? मी म्हटलं, धार. म्हणाले, अरे वा, आमची सासुरवाडी धारचीच. हसले मी. काय करणार? पण एक गोष्ट काही केल्या पुसली जात नाही बघ त्यांच्या डोक्यातून. आमच्या घरची रीत आहे, अक्कांनी — माझ्या सासूबाईंनी — घातलेली, की संध्याकाळी घरातलं माणूस बाहेर असेल तर ताटं मांडायची नाहीत. सगळे आले की मगच जेवायचं. ह्यांची ड्यूटी असली की आम्ही पण असेच बसायचो, डाळ चार-चार वेळा गरम करत. तर ती रीत राहिलीय त्यांच्यापाशी, बाकी सगळं गेलं. रोज अंधार पडला की सुरू — पराग आला? पराग नाही आला अजून? पोराला यायचंय आणि तू ताटं कसली मांडतेस?

आणि पराग यायचा ना, तेव्हा — हो, यायचा. बरोबर ऐकलंस तू. वायर सोड जरा हातातली. गेला तो. मागच्या उन्हाळ्यात. नाही, गाडीवरून नाही, गाडीला ओरखडा तरी आहे का बघ. बॅडमिंटन खेळायला गेला होता, शटल उचलायला वाकला आणि उठलाच नाही. गाडी तिथेच स्टँडवर उभी. माझा भाचा मंदार घेऊन आला ती घरी. सगळं ह्यांच्या हातून झालं, अग्नी ह्यांनी दिला, रामघाटावर दहावं ह्यांनी केलं, गुरुजी सांगत होते तसं सगळं नीट करत होते — आणि घरी येऊन पायरीवर बसले नि मला म्हणाले, पराग उशीर करतोय आज.

खरं सांगितलं की मी. सांगितलं नाही असं नाही. पहिले काही दिवस रोज सांगितलं, जवळ बसून, हात धरून. आणि प्रत्येक वेळेला ते आत्ताच ऐकल्यासारखे कोसळायचे रे. दुसऱ्या दिवशी परत कोरे, परत तोच प्रश्न. रोज संध्याकाळी पोरगा नव्यानं जायचा त्यांचा. मग मी सोडून दिलं. मी नुसतं म्हणायचे, येईल हं. तर जेवणच बंद झालं त्यांचं. घास पुढे केला की हात ढकलायचे — तो उपाशी असेल आणि मी गिळू?

मग मंदारनं एकदा गाडी सुरू केली, पडून राहून बॅटरी जाऊ नये म्हणून. बराच वेळ सुरू ठेवून बंद केली, आणि पंखा मात्र फिरत राहिला मागे. तसा राहतोच ना ह्या गाडीचा? पराग आला की रोज तोच आवाज, हे ओरडायचे आतून, अरे बंद कर ते, बॅटरी खातंय! तर त्या दिवशी तो आवाज झाला आणि हे खाटेवरून उठले, स्वतः उठले, आणि म्हणाले, आला, वाढ. दोन पोळ्या खाल्ल्या. वरण मागून घेतलं. परागचं ताट कुठेय, विचारलं नाही बरं का — आवाज झाला, पोरगं घरात आलं, बस, जीव भांड्यात पडला. मी ओट्याला धरून उभी होते.

मग मंदार रोज यायचा. आता त्याची बदली झाली रतलामला. मी लावून बघितली गाडी — बटण दाबलं की सुरू होते, ते येतं मला — पण थंडीत तापतच नाही ती लवकर, सगळा धूर घरात, शेजारच्या निहारिकाचं बाळ खोकायला लागलं. आणि काल पंखा लागलाच नाही. हे बसून राहिले, बसून राहिले, आणि तसेच भिंतीकडे तोंड करून झोपले. कालपासून उपाशी आहेत ते. सकाळी दूधसुद्धा नाही. आत्ता निहारिकाला बसवून आलेय त्यांच्याजवळ.

खोटं आहे, कळतं मला. माझी धाकटी जाऊ म्हणाली, वहिनी, हे बरोबर नाही, गेलेल्या माणसाला असं रोज बोलवू नये. म्हटलं, तू ये आणि भरव त्यांना. मला नाही ना बोलवायचं कुणाला, मला सगळं माहीत आहे. मला फक्त त्यांच्या पोटात दोन घास जायला हवेत. दुसरं काही नाही. आई आहे का रे तुझी? मग समज ना.

झालं? जोडलीस? हेच का बटण — पांढरं, चांगलं आहे, अंधारात दिसेल. लावून दाखव की. हां, आला आवाज. अगदी तस्साच. बघ, कसा — आलास? किती उशीर रे, पराग, जा, आधी तोंड धुऊन —

...

काही नाही. पाणी नको मला. बंद कर, बंद कर तो. नाही — राहू दे. आणि तू नको थांबूस माझ्यापाशी, त्या बाहेरच्या गिऱ्हाइकाचं बघ, केव्हाचा हॉर्न वाजवतोय. जा.