दुसरा भाग सोपा गेला

परीक्षा केंद्राच्या दाराशी दप्तरं सांभाळणाऱ्या बाईंचे हात टोकन जुळवत होते, पण कान समोरच्या बाकावरच्या मायलेकींकडे लागले होते. दुपारचं ऊन फरशीवर पाण्यासारखं पसरलं होतं.

"दुसरा भाग सोपा गेला, आई."

"अगं, मग रडतेस कशाला?"

"संगणक पहिला भाग तपासतो आणि मग दुसरा ठरवतो. जमलं तर अवघड प्रश्न देतो, चुकलं तर सोपे. त्याला माझी दया आली."

"दया?"

"झोपेत कुणी डोक्यावरून हात फिरवावा ना, तसे मऊमऊ प्रश्न यायला लागले. तेव्हाच कळलं, संपलं सगळं."

"ओळखते मी तो हात."

"तू कुठे दिलीस असली परीक्षा?"

"माझी कागदावरची होती. एकदाच नापास झाले. तेव्हापासून घरात सगळे मला सोपंच विचारतात. किल्ली कुठे आहे, मीठ संपलं का, शर्टाला इस्त्री झाली का."

"आई..."

"तू अडकलीस तो प्रश्न सांग बघू."

"आत्ता? इथे?"

"सांग तर."

"एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. तळाचं भोक भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करतं. तिन्ही एकदम उघडले तर टाकी कधी भरेल?"

"सुरुवातीला टाकी रिकामीच ना?"

"हो. बाहेर आल्यावर सुचलं मला. बघ, उत्तर आहे..."

"ए, सांगू नकोस हं!"

बाईंच्या हातात नेमकं त्या मुलीचंच दप्तर आलं होतं. नंबर पुकारायला त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि दप्तर हळूच पुन्हा फळीवर ठेवलं.