अंगठा डावीकडे

(मालिकेच्या सेटवरची मेकअपची खोली. दाराला आतून कडी.)

मावशी: मान वर कर. हा अंगठ्याचा वण पावडरीला दादच देत नाही.

नटी: घाई करा मावशी, पुढचा शॉट माझा आहे.

मावशी: शॉट गेला खड्ड्यात. मघाशी काय झालं ते कळलं का तुला?

नटी: प्रेताचं काम करणाऱ्या मुलीच्या गळ्यावर तुम्ही बोटांचे वण रंगवले. ते दिग्दर्शकांना पटले नाहीत.

मावशी: दिग्दर्शकांना म्हणे. नवरा आहे तुझा. सगळ्यांसमोर काय म्हणाला? "गळा आवळला की अंगठा डावीकडे उमटतो, तुम्ही उजवीकडे कसा काढलात?"

नटी: मग, बरोबरच आहे की.

मावशी: मालिकेत तपास करताना कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाहीस, आणि घरी ही अक्कल? चारचौघं उजव्या हातानं आवळतात, त्यांचा अंगठा गळ्याच्या उजवीकडेच उमटतो, पोरी. डावीकडे उमटतो तो डावखुऱ्याचा. तुझ्या गळ्यावर आहे तसा. लाइटवाला तुझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताकडेच बघत राहिला.

नटी: त्याला कळलं?

मावशी: बोलून बसल्यावर कळलं. तोंड पांढरंफटक पडलं.

नटी: मग आज तो मला जिवंत सोडत नाही.

नवरा: (दाराबाहेरून) कडी काढ.

मावशी: साहेब, तिचं आवरतेय.

नवरा: तुम्ही मध्ये पडू नका. कडी काढ, नाहीतर दार फोडतो.

नटी: काढू नका. काल त्यानं उशीनं तोंड दाबलं होतं. नशीब म्हणून वाचले.

मावशी: आणि सकाळी मला म्हणालीस, बाथरूममध्ये पडले.

नवरा: माझ्याच सेटवर माझी अब्रू काढतेस? ही घे तुझी कडी.

मावशी: फळी फुटली. माझ्या मागे हो.

नवरा: बाजूला हो, म्हातारे. हिचा गळा आज पुरताच आवळतो.

नटी: सोड. श्वास...

मावशी: सोड तिला. केस कुरळे करायची ही सळई लालबुंद तापलीय. सोडतोस की नाही? मग घे.

नवरा: आई गं. हात जाळला माझा.

मावशी: दुसरा पुढे कर, त्यालाही देते.

नवरा: दारात बघत काय उभे राहिलात सगळे? धरा या बाईला. मला काय धरतोस, लाइटवाल्या? नोकरी जाईल तुझी.

मावशी: घट्ट धर रे. आपटलास जमिनीवर तरी चालेल. कुणीतरी पोलिसांना फोन करा. न्या त्याला बाहेर.

नटी: रक्त येतंय का हो?

मावशी: झटापटीत ओठ फाटलाय. बोलू नकोस.

नटी: मावशी, दारात एवढी माणसं होती. कुणालाच नवल वाटलं नाही.

मावशी: नाही वाटलं.

नटी: सगळ्यांना माहीत होतं?

मावशी: इथं आंधळं कोण आहे?

नटी: मग कुणी विचारलं का नाही मला?

मावशी: घरोघरी लोक तुला शंकासूर म्हणतात. भूत असो की बुवा, मालिकेत तू चुटकीसरशी थाप उघडी पाडतेस. आम्हाला वाटलं, ही जगाचं खोटं पकडते, हिला आपण काय सांगणार.

नटी: ती मी नाही हो, मावशी.

मावशी: हो गं. रोज सकाळी या हातांनी मीच तुला ती करते, आणि मीच विसरले.