वाफेआधीचे तीन टोले

बसा, बसा. मी उभ्यानंच बोलते, बसले की रडू येतं. सायेबलोक, बशीरभाईंच्या घरची माणसं, कारखान्यातली सगळी पोरं, मी शेवंता. रंगखात्यात झाडू मारून म्हातारी झाले. बोलायची भीती वाटतीय, न बोलायची त्याहून जास्त.

वाफ सोडायची चावी बशीरभाईंकडं होती. सकाळी पाईपावर पान्ह्यानं तीन टोले मारायचे, कान लावायचे. आवाज बद्द आला की म्हणायचे, "मावशी, आत पाणी बसलंय." आधी खालचा नळ सोडून पाणी काढायचे, मग वाफ, हळू. साचल्या पाण्यावर एकदम वाफ सुटली तर पाईप फुटतो.

मग कॉम्प्युटर आला. ज्याला जे येतंय ते त्यात भरा म्हणाले. भाईंनी काय भरलं? सर्व ठीक. रोज सर्व ठीक. मी म्हणलं, "भाई, सांगून टाका की." तर म्हणाले, "ज्यानं आधी सगळं सांगितलं त्याची जागा गेली, तो आज गेटवर राखणीला बसलाय. तुमी काय माझी जागा घेणार हाय? म्हणून तुमाला सांगतो." हसलो आमी. खरं सांगते, मला मोठेपणाच वाटला. गप बसले.

आता माझी नात सारिका. लई हुशार बघा. वाफेवर पहिलीच पोरगी. मी गल्लीभर पेढे वाटले, शेजारणीला तर दोनदा. भाई वारले, चावी तिच्या हातात आली. परवा घरी येऊन म्हणते, "आज्जी, आज पाईप लई दणाणला. पण कॉम्प्युटरवर तर सर्व ठीक हाय."

माझी भाकरी तव्यावरच करपली.

तिला मी सांगितलं. दुसऱ्या पाळीला कोण सांगणार? भोंगा झाला की मी हातातलं काम टाकून दारात येते.

सायेब, भरा भरा म्हणलं सगळ्यांनी. सांगितल्यावर तुमची जागा जाणार न्हाय, असं कोण म्हणलं का? तेवढं म्हणलं असतं तर भाईंनी सांगितलं असतं. मला तर अर्ध्या कप चहावर सांगितलं. आज ही टोल्यांची रीत लिवून घ्या. खाली त्यांचं नाव घाला.

आता भाईंसाठी जरा वेळ सगळे गप उभं राहू. मग सारिका, भाईंचा पान्हा घे, पाईपावर तीन टोले मार. सगळ्यांनी कान द्या. बद्द आवाज कसा असतो, ते भाईंच्या माघारी सगळ्यांना ठावं असू दे.