खिडकीजवळचं टेबल

ही गेल्यापासून मी हॉटेलात जेवलो नव्हतो. बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी नणंद-भावजया बोलत होत्या.

“वहिनी, खरंच एकट्या जेवायला गेलात?”

“गेले की! वेटर मला बेसिनशेजारी बसवत होता. म्हटलं, खिडकीजवळचं टेबल हवं.”

“दिलं?”

“न देऊन सांगतो कुणाला! वर समोरची खुर्ची उचलायला लागला. म्हटलं, राहू दे, माझी पर्स बसेल.”

“अगं बाई! दादा असता तर हसून लोळला असता. जेवण कसं होतं?”

“सूप गार होतं, परत पाठवलं. मासा मात्र फक्कड! आणि आईस्क्रीम अख्खं मीच खाल्लं.”

मला राहवेना. “ताई, मीही एकटाच असतो. कुठं आहे हे हॉटेल?”

“पुढच्याच स्टॉपवर. आत शिरताना आवाज मोठा ठेवा.”